रेडिएटरचा फॅन फिरत नाही? नवा घेण्याआधी वायरिंग असं तपासा

गोव्यात पर्वरीच्या कोंडीत किंवा शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात गाडी अडकली की टेंपरेचरची पट्टी चढायला लागते, आणि रस्ता मोकळा होऊन वारा लागला की आपोआप उतरते. लिक्विड-कूल्ड मोटरसायकलचं असं होत असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यावा. वेगात असताना रेडिएटरच्या जाळीतून वारा स्वतःच आरपार जातो. फॅनची गरज लागते ती गाडी उभी किंवा रांगत असतानाच. मोकळ्या हायवेवर चांगल्या वेगातही गाडी तापत असेल, तर फॅनचा नाद सोडा. तिथे कमी झालेलं कूलंट, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा लाल मातीने बुजलेली जाळी यांपैकी काहीतरी निघेल.

बऱ्याच ठिकाणी अशा वेळी थेट नवा फॅन बसवायचा सल्ला मिळतो. तो लगेच मानू नका, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडची हवा खारट, पाऊस चार महिन्यांचा, आणि कित्येकांची गाडी रोज फेरीबोटीतून नदी ओलांडते. त्यात फॅनचा कपलर (वायरींची काढता-घालता येणारी जोडणी) बसवलेला असतो पुढच्या चाकामागे, सगळं पाणी उडतं तिथेच. त्यामुळे मोटर शाबूत आणि कपलर किंवा अर्थ (चेसीला जाणारी निगेटिव्हची जोडणी) सडलेला, असाच प्रकार इथे आधी धरून चालावं. हे तपासायला साधा मल्टीमीटर, एक बल्ब आणि वायरचे दोन-तीन तुकडे पुरतात.

फॅनचा मार्ग सरळ आहे. बॅटरीतून करंट फ्यूजमध्ये, तिथून रिलेत (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), रिलेतून फॅनला आणि फॅनमधून अर्थला. रिले कधी ओढायचा हे नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठरवतो, कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरवरून. जुन्या रचनेत रेडिएटरवरच थर्मो स्विच असतो. कूलंट साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की तो जुळतो. काही गाड्यांत रिले नसतोही. आपली गाडी कुठल्या प्रकारची, हे मॅन्युअलमधल्या वायरिंगच्या आकृतीवरून आधी पाहून घ्या. वायरच्या रंगावरून अंदाज बांधू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात.

हात लावण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरची कॅप उघडली तर आतलं दाबाखालचं कूलंट उसळून तोंडावर येतं. फॅन केव्हाही आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून चावी ऑन असताना पात्यांजवळ बोटं नेऊ नका. कूलंट खाली सांडलं तर लगेच धुऊन काढा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं; दारातलं कुत्रं किंवा मांजर ते चाटायला येतं.

फॅन खराब आहे की नाही, हे आधी ठरवा

सुरुवात कूलंटच्या पातळीपासून. पातळी खूप खाली गेली की सेन्सरभोवती हवा साचते. त्याला खरी उष्णता कळतच नाही आणि फॅनला हुकूम जात नाही. मग वायरिंग चांगलं असूनही फॅन गप्प राहतो.

पातळी ठीक असेल तर चावी बंद ठेवून पातं बोटाने फिरवा. ते सहज फिरायला हवं. घासत असेल, तर वाळलेला चिखल किंवा वाकलेली जाळी आड येते का ते बघा. फ्यूज काढून बघाच, पण नुसता डोळ्यांनी नको, मल्टीमीटरने कंटिन्युइटी (करंट आरपार जातो का) तपासा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

आता फॅनचा कपलर सोडवा आणि मध्ये फ्यूज घातलेल्या दोन वायरींनी फॅन सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. जोरात आणि एकसारखा फिरला तर मोटर चांगली. अडखळत फिरला किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू झाला तर मोटरचे ब्रश झिजलेत. तेव्हा मात्र नवा फॅन घ्या.

याच वेळी दिशाही पाहून ठेवा. डीसी मोटरच्या वायरी उलट जोडल्या की पातं उलटं फिरतं आणि वारा उलट्या बाजूने फेकतं. बहुतेक मोटरसायकलींत फॅन पुढची हवा आत ओढतो. वर्तमानपत्राचा कपटा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा. तो जाळीला चिकटून राहिला तर दिशा बरोबर, फडफडत दूर ढकलला गेला तर वायरी उलट लागल्यात. पूर्वी कुणी कपलर कापून वायरी जोडल्या असतील, तर ही तपासणी टाळूच नका.

दोष रिलेच्या अलीकडे की पलीकडे

रिले उपसून काढा. त्याच्या अंगावर आकृती आणि आकडे असतात. सहसा ३० आणि ८७ या जाड करंटच्या पिना, ८५ आणि ८६ कॉइलच्या. चावी ऑन करून सॉकेटमधली ३० आणि ८७ ची भोकं फ्यूज घातलेल्या वायरने जोडा. आकृती दोनदा बघून मगच जोडा, चुकीच्या पिना जोडल्या तर शॉर्ट होईल.

फॅन फिरला, तर बॅटरीपासून अर्थपर्यंतचा जाड मार्ग जिवंत आहे. दोष रिले, सेन्सर किंवा ईसीयूच्या बाजूला. हॉर्नचा किंवा हेडलाइटचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून बघा. थर्मो स्विचच्या गाडीत स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून फॅन फिरतो का पाहावं. ईसीयूच्या गाडीत सेन्सरच्या वायरींना हे मुळीच करू नका. तिथे सेन्सरचा रेझिस्टन्स मोजायचा. थंड असताना तो जास्त असतो आणि इंजिन तापेल तसा सतत उतरत जातो. मॅन्युअलमधल्या आकड्यांशी तो जुळवून पाहा. सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी शिरलं असेल तर हा आकडाही फसवा येतो, म्हणून आधी कपलर सुकवा.

वायर जोडूनही फॅन हलला नाही किंवा मंद फिरला, तर दोष जाड मार्गातच आहे. इथे अनेक जण फसतात. फॅनच्या सोडवलेल्या कपलरवर मल्टीमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि वायरिंग चांगलं आहे असं वाटतं. पण मीटर जवळपास करंट घेतच नाही. आतून सडून तांब्याची एकच तार उरली असली तरी तो १२ व्होल्टच दाखवील. म्हणून भार देऊन तपासायचं. जुन्या मोटरसायकलच्या हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर घेतो. रिलेच्या सॉकेटमधली वायर तशीच ठेवून फॅनच्या जागी तो कपलरला लावा. लख्ख पेटला तर मार्ग ठीक. पिवळट, मरगळलेला पेटला, तर वाटेत कुठेतरी वीज अडते आहे.

कुठे अडते तेही शोधता येतं. बल्ब पेटता ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी कपलरच्या पॉझिटिव्ह पिनेला, मागच्या बाजूने लावा. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून कपलरच्या निगेटिव्हपर्यंत. दोन्हीकडे आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. ज्या बाजूला एक-दोन व्होल्ट दिसतात, त्या बाजूला दोष. मग प्रोब एकेका जोडणीने बॅटरीकडे सरकवत न्या. जिथे आकडा एकदम घसरतो, तीच जागा. शेवटी बल्बवर नजर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. हँडलच्या मानेपाशी वायरी रोज वाकतात आणि आवरण न फाटता आतल्या तारा तुटतात. बल्ब मिचकला की ती जागा सापडली.

दुरुस्ती

कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवा-पांढरा भुगा दिसेल. हलका काट असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशने साफ करा. पीन खड्डे पडून काळी झाली असेल तर नवीच घाला. वायर सोलल्यावर तांबं काळं निघालं तर आणखी मागे कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती टेप गुंडाळली तर पावसाळ्यात तिच्यात पाणी साठून तोच काट महिन्याभरात परत येतो.

अर्थचा बोल्ट काढा, चेसीवरचा रंग आणि गंज पॉलिशपेपरने धातू दिसेपर्यंत घासा, नवा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरून बंद करा.

सेन्सरला बगल देऊन हँडलवर फॅनचा स्वतंत्र बटण-स्विच बसवून देतात, ते मला पटत नाही. चालवणाऱ्याच्या लक्षात राहिलं तरच इंजिन वाचणार, अशी ती सोय आहे. घरी पोचण्यापुरता लावायचाच असेल तर फ्यूज घालून लावा, आणि मूळ दोष काढल्यावर काढून टाका.

सगळं जोडल्यावर गाडी अंगणात, उघड्यावर स्टँडला लावून आयडलवर ठेवा. पट्टी चढेल, फॅन सुरू होईल, पट्टी उतरेल आणि फॅन बंद होईल. हे चक्र दोन-तीनदा नीट झालं की हँडल वळवून पुन्हा एकदा पाहा. नंतर वर्षातून एकदा, मृगाचा पाऊस पडायच्या आधी, हा कपलर आणि अर्थ उघडून साफ करत जा. गाडी धुताना प्रेशरचं पाणी रेडिएटरच्या मागच्या बाजूला थेट मारू देऊ नका.