सायबर सिक्युरिटीत एम.टेक. करायचंय? नाशिकमधून निघण्याआधीची तयारीची यादी

पहिलं काम लॅपटॉप उघडायचं नाही, कपाटातली फाइल काढायचं आहे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकांचं शेवटी, कुठे वडिलांचं नावच गळालेलं, तर कुठे दत्तात्रयचं दत्तात्रेय झालेलं. सगळी नावं एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा आणि फरक आत्ताच मिटवा. गेटचा, म्हणजे एम.टेक.साठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, फॉर्म ओळखपत्रावरच्या नावानेच भरावा लागतो. ओबीसीतून अर्ज करणार असाल तर नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं हवं, राज्याचं आयआयटीत चालत नाही. राज्याच्या मराठा आरक्षणाचा, म्हणजे एसईबीसीचा, दाखलाही तिथे कामाचा नाही. तारीख चालू आर्थिक वर्षातली लागते, म्हणून एप्रिल उजाडताच अर्ज टाकून मोकळे व्हा. बारावीच्या निकालानंतर सेतूत जी रांग लागते तिच्यात आपण नसलेलं बरं.

मग दार ठरवा. आयआयटी कानपूरला सायबर सिक्युरिटीचं एम.टेक. आहे, तिथे गेट लागते. बी.एस्सी. किंवा बीसीए झालेल्यांनी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं एम.एस्सी. बघावं, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सिक्युरिटीचा कोर्स त्यांच्या सी-कॅट या प्रवेश परीक्षेवर मिळतो आणि साधारण सहा महिन्यांत संपतो, पण तो डिप्लोमा आहे, पदवी नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘मास्टर्स झालं का?’ हा प्रश्न प्रत्येक लग्नात ऐकावा लागेल.

गेटचे फॉर्म गणपतीच्या आगेमागे सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण, स्कोअर ३ वर्षं चालतो. अ‍ॅप्टिट्यूडचे १५ आणि गणिताचे साधारण १३ गुण हे आधी खिशात घाला. गंमत अशी, की कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याच्या शास्त्राचा, वेगळा विभागच नाही. हॅकिंगचे व्हिडिओ बघून हा पेपर सुटत नाही, नेटवर्क्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम घासावीच लागते. कॉलेज रोडवरच्या महागड्या ‘एथिकल हॅकिंग’ सर्टिफिकेटला मी यादीत शेवटून पहिलं ठेवतो.

त्या पैशात रॅम वाढवा. ८ जीबीवर चालतं पण कुरकुरतं, १६ असेल तर निवांत. व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपच्या आतच दोन आभासी मशीन उभ्या करा, एक सिक्युरिटीची साधनं असलेलं काली लिनक्स आणि दुसरं मुद्दाम भोकं ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल. दोघांचं नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे लॅपटॉपपुरतंच, ठेवा, म्हणजे काहीही बाहेर जाणार नाही. मेटास्प्लॉइटेबलमधलं डीव्हीडब्ल्यूए नावाचं सराव-संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा, नेटवर्कवरची ये-जा टिपणारं वायरशार्क चालू करा आणि लॉगिन करा. पकडलेल्या पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, क्लिक केलं की खालच्या चौकटीत युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड ‘पासवर्ड’, जसंच्या तसं वाचता येतं. उघड्या एचटीटीपी आणि कुलूपबंद एचटीटीपीएसमधला फरक मी चार वर्षं पाठ करत होतो, कळला तो त्या चौकटीत.

हे सगळं स्वतःच्याच मशीनवर करा. तिसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या वायफायवर एनमॅप (मशीनचे उघडे पोर्ट, म्हणजे आत-बाहेर जायची दारं, शोधणारं साधन) सोडला, सगळे पोर्ट तपासायचेच म्हणून हट्टाने. पाच मिनिटांत ऑफिसातला जुना प्रिंटर अगम्य अक्षरांची पानं ओकायला लागला. सरांनी अर्धं रिम हातात ठेवून विचारलं, ‘हे तुझंच ना?’ माफीवर निभावलं. पण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये येतं आणि त्यात अप्रामाणिक हेतू दिसला तर कलम ६६खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जे कराल ते त्याच रात्री वहीत लिहा: काय चालवलं, काय फसलं, का फसलं. मुलाखतीत माझ्या सर्टिफिकेटांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, विचारलं ते वहीतल्या एका फसलेल्या प्रयोगाबद्दल. पोर्टस्विगरच्या साइटवरचे वेब सिक्युरिटीचे धडे आणि पिकोसीटीएफची हॅकिंगची कोडी फुकट आहेत, सरावाला तेवढी पुरे. शिफारसपत्रासाठी सरांना दिवाळीच्या सुट्टीआधी गाठा.

पैशांचं थोडक्यात: गेटवर प्रवेश मिळालेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पण पहिला हप्ता कधी जमा होईल याचा नेम नाही, तेव्हा दोन महिन्यांचा मेसचा खर्च बाजूला काढून ठेवा.

आणि कागद स्कॅन करायला झेरॉक्सच्या दुकानात गेलात की काम झाल्यावर लगेच निघू नका. आधार, मार्कशीट, सही सगळं त्याच्या डेस्कटॉपवर पडलेलं असतं, आधीच्या चाळीस जणांच्या कागदांशेजारी. ते समोर उभं राहून डिलीट करायला लावा. रिसायकल बिनसुद्धा.