चाकरमानी नेमका कुठे मोजायचा? कॅन्सरच्या आकड्यांचा ऑनलाइन कोर्स करताना या चुका टाळा

आधी घड्याळाचं बघू. कोर्स अमेरिकेतून चालत असेल तर पूर्व किनाऱ्यावरचा सकाळी 10 चा वर्ग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री 8:30 ला लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि तोच वर्ग 7:30 वर येतो. मी एकदा वेळेवर म्हणून बसलो, तर सर शेवटच्या शंका घेत होते. फोनच्या कॅलेंडरमध्ये वेळ त्यांच्या टाइमझोनमध्येच टाका, बाकीचं फोन बघतो. आणि जून-जुलैत सरावाच्या फाइल्स आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. राउटर इन्व्हर्टरवर चालतो हो, पण टॉवरच झोपला तर काय करणार?

खरी गोची गणितात होते, आणि तीही सोप्या गणितात. कोर्समधल्या सरावाच्या फाइल्स धुऊन-पुसून दिलेल्या असतात. आपल्या कोकणातल्या रुग्णांच्या याद्या तशा नसतात.

रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 1000 पुरुषांमागे 1122 बायका होत्या. पुरुष गेले कुठे, हे इथल्या कुणालाही विचारा. कर्ती माणसं मुंबईला, गावात म्हातारी माणसं. आता समजा (आकडे माझे, फक्त समजण्यासाठी), साठीच्या आतल्यांत लाखामागे 50 जणांना कॅन्सर होतो आणि साठीपुढच्यांत 400 जणांना, गावात आणि शहरात अगदी सारखाच. कोकणातल्या एक लाख लोकांत साठीपुढचे 20,000 असतील तर रुग्ण होतात 40 आणि 80, म्हणजे 120. शहरी उपनगरात साठीपुढचे 8,000 च असतील तर 46 आणि 32, म्हणजे 78. धोका तोच, तरी कोकणाचा आकडा दीडपट! ‘आमच्याकडे कॅन्सर वाढलाय, पाण्यातच काहीतरी आहे’ अशी बातमी व्हायला एवढं पुरतं. म्हणून कच्चा दर (वय न बघता नुसतं रुग्णांना लोकसंख्येने भागून येणारा) कोणत्याही तक्त्यात एकटा ठेवू नका, शेजारी वयानुसार प्रमाणित दर हवाच, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांची एकच वाटणी धरून काढलेला. कोर्समध्ये हा धडा लोक कंटाळून पुढे ढकलतात. आपल्याला तो दोनदा बघायला हवा.

भागणारा आकडाही तपासा. 2011 ची लोकसंख्या घेऊन परवाच्या रुग्णांना भागलं तर दर चुकणारच. त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्या घ्या, तीही वयोगटांनुसार.

आता चाकरमानी. तीस वर्षं लालबागला काढलेला माणूस आजारी पडल्यावर गावी येतो आणि केसपेपरवर गावचा पत्ता सांगतो. याच्या उलट, गावातच राहणारी आजी मुंबईच्या रुग्णालयात मुलाचा पत्ता देते. भारतातल्या लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीत (ठराविक भागातल्या सगळ्या कॅन्सर रुग्णांची नोंद) निदानाच्या वेळी किमान एक वर्ष त्या भागात राहत असलेला माणूसच तिथला रहिवासी धरतात. फॉर्ममध्ये ‘पत्ता’ एवढंच विचाराल तर काहीच कळत नाही. ‘गेलं वर्षभर कुठे राहता?’ असा प्रश्न टाका. आणि गावाच्या नावावर विसंबू नका, कुडाळ सिंधुदुर्गात आहे तसं साताऱ्याच्या जावळीतही आहे. गावासोबत तालुका-जिल्हा हवा, गावाचा सरकारी कोड मिळाला तर फारच बरं.

एकच बाई दोनदा मोजली जाणं तर नेहमीचं. एका यादीत वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, दुसरीत नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. शिवाय इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं. नुसतं नाव जुळवणारा कॉम्प्युटरचा कोड इथे कामाचा नाही. पहिलं नाव, अंदाजे वय, तालुका, कॅन्सरची जागा आणि निदानाची तारीख एकत्र लावून संशयित जोड्या काढा आणि त्या डोळ्यांनी बघा. वय ‘अंदाजे’च ठेवा, कारण आमच्याकडे वय विचारलं की उत्तर 60 किंवा 65 असंच येतं. आणि स्तनाचा कॅन्सर यकृतात पसरला तर तो यकृताचा नवा कॅन्सर नव्हे.

निदानाआधीच उपचार सुरू झालेले दिसले तर कोडला दोष देऊ नका, आधी एक्सेल बघा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर 03/07/2024 ही 3 जुलै न राहता 7 मार्च होते आणि 15/07/2024 तारीख न राहता नुसता मजकूर उरतो. काही उलटतात, काही हरवतात. 2024-07-03 असंच लिहायची सवय लावा. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आली तर सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून आणा आणि यूटीएफ-8 (देवनागरी नीट वाचणारी अक्षरपद्धत) निवडा.

शेवटचं माझ्याच अंगावर आलेलं. शंका विचारताना मी स्क्रीन शेअर केली आणि मागे उघडी होती खऱ्या रुग्णांची यादी, नावं आणि वाड्यांसकट. दहाबारा सेकंदच, पण पाहणारे चाळीस. आता कोर्सच्या लॅपटॉपवर खरी फाइल येतच नाही. नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकाची वही ऑफिसच्या कुलुपात.