फ्री डिशच्या गाईडमध्ये सातच्या बातम्या दीडला? उपाय सापडला

चॅनेलचं दरमहा भाडं आणि वर 18 टक्के जीएसटी नको म्हणून राजारामपुरीतल्या घरी डीडी फ्री डिश बसवली. चॅनेल सगळे दिसायचे, पण गाईडमध्ये (स्क्रीनवरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात) सह्याद्रीच्या सातच्या बातम्या दुपारी 1:30 ला! आबा रोज वैतागायचे. रिस्कॅन केलं, फॅक्टरी रिसेट केला, छत्री हलवली (उगाच). फरक शून्य.

फरक नेमका साडेपाच तासांचा, तिथंच डोकं चाललं. उपग्रहावरून वेळ जीएमटीत (ग्रीनविचच्या वेळेत) येते, त्यात भारताचे साडेपाच तास सेट-टॉप बॉक्सनं मिळवायचे असतात.

मेनू, सिस्टीम सेटिंग, टाइम सेटिंग. आधी 'जीएमटी' ऑन करा, मगच टाइम झोन +5:30 निवडता येतो. समर टाइम ऑफ. सेव्ह करून बॉक्स स्विचवरून बंद-चालू करा, नुसत्या रिमोटनं नको. सह्याद्री लावून थोडं थांबा, गाईड भरतं.