शाखेबद्दलचं समाधान मोजताय? या चुका टाळा

विद्यार्थी आपल्या अभ्यासशाखेवर किती समाधानी आहेत, हा विषय मानसशास्त्राच्या एम.ए.ला किंवा एम.एड.ला प्रकल्पासाठी कुणी ना कुणी घेतंच. सगळ्यात मोठी चूक प्रश्नावलीतच होते: जाणून घ्यायचं असतं शाखेबद्दल आणि विचारलं जातं कॉलेजबद्दल. ग्रंथालय कसं आहे, प्राध्यापक वेळेवर येतात का, वगैरे. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातले प्रश्न उचलले की हे हमखास होतं, कारण ते अध्यापन-अध्ययनासाठी बनवलेले आहेत. सिव्हिल मनापासून आवडणारा मुलगा मोडक्या लॅबवर वैतागलेला असतो; नावाजलेल्या कॉलेजातली मुलगी आपण कॉम्प्युटर का घेतलं म्हणून रोज हळहळते. दोघांना एकाच आकड्यात बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ‘शाखा आणि शिकवणं यांबाबत मी समाधानी आहे’ असं जोडविधानही नको. दोन वेगळी विधानं करा.

तयार साधन हवं असेल तर मार्गारेट नाउटा यांची २००७ सालची ‘अकॅडमिक मेजर सॅटिस्फॅक्शन स्केल’ चांगली आहे. विधानं फक्त ६, उत्तरं १ ते ५. पण त्यातली ४ विधानं उलटी आहेत, म्हणजे सहमती दाखवली तर असमाधान दिसतं. त्यांचे गुण ६ मधून वजा करून घ्यायचे असतात. समजा, खूश असलेल्या मुलीने दोन सुलट विधानांना ५ आणि ४ दिले, उलट्यांना २, १, २, १. बरोबर बेरीज २७. गुण न उलटवता केली तर १५. नाखूश मुलाने सुलट्यांना २, १ आणि उलट्यांना ४, ५, ४, ५ दिले, तर त्याची खरी बेरीज ९. न उलटवता २१! नाखूश मुलगा खूश मुलीच्या पुढे गेला.

क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) फारच कमी किंवा चक्क उणे आला तर विधानं गाळत बसू नका, आधी गुण उलटवलेत का ते तपासा. गुण उलटवूनही अल्फा सुधारत नसेल तर भाषांतर बघा. ‘मला ही शाखा आवडत नाही’ याला ‘असहमत’ म्हणताना मुलं गोंधळतात. ‘दुसरी शाखा घ्यायला हवी होती’ असं ‘नाही’ टाळून लिहा आणि चार-पाच मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

जर्नलवर सही बाकी असताना त्याच शिक्षकांनी रोल नंबरसह फॉर्म भरून घेतला, तर उत्तरं गोडच येणार. निकालाचा आठवडाही टाळा.

नुसती सरासरी देऊ नका. निम्म्यांचे १ आणि निम्म्यांचे ५ असले तरी सरासरी ३ च येते.

आणि हे तिसऱ्या वर्षाला मोजण्यात काय हशील? इंजिनिअरिंगला शाखा बदलायची संधी साधारण पहिल्या वर्षानंतर, तीही जागा आणि गुण असतील तरच मिळते. दुसऱ्या सत्रातच विचारा आणि फॉर्मच्या शेवटी समुपदेशकाची वेळ आणि खोली क्रमांक द्या.