कॅम बदलल्यावर गाडी स्लोवर थरथरते? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँक घासणारे, बोअर करणारे कारागीर एकाहून एक आहेत. तरीही मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलेली जिप्सी नाहीतर एस्टीम स्लोवर, म्हणजे रेस न देता, नीट उभी राहत नाही म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं गॅरेजच्या फेऱ्या मारत असतात. बहुतेक वेळा दोष कॅमचा नसतो. कॅमची धडधड कुठली आणि बिघाडाची कुठली, हे कुणी वेगळं काढलेलंच नसतं.

जळलेला गॅस सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसायच्या आतच हवा घेणारा इनटेक उघडायला लागतो. दोन्ही एकदम उघडे असतात तो ओव्हरलॅप. कॅमचं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा ठेवण्याचा काळ) वाढलं किंवा इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला (कॅमवरच्या उंचवट्यांमधला) कोन कमी झाला की ओव्हरलॅप वाढतो. वरच्या आरपीएमला त्याचा फायदाच होतो, कारण बाहेर पडणारा गॅस ताजी हवा मागून ओढून घेतो. स्लोवर मात्र थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये (हवेच्या नळ्यांत) व्हॅक्युम असतो, म्हणून जळलेला गॅस उलटा आत शिरतो. असं मिश्रण हळू जळतं. एका फेरीला सिलिंडर धड पेटत नाही, पुढच्या फेरीला जोरात पेटतो, आणि गाडी हलते. होंडाने 1989 साली इंटिग्रात व्हीटेक दिलं ते याच पेचावर: खाली सौम्य लोब, वर मोठा. साध्या कॅममध्ये ही सोय नसते, तेव्हा थोडी थरथर स्वीकारावीच लागते.

पण किती? कॅमची धडधड कुठल्या एका सिलिंडरला चिकटून राहत नाही आणि दोन हजार आरपीएमच्या आसपास विरून जाते. एकाच सिलिंडरचं मिसिंग असेल, रेस दिली तरी जात नसेल, तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासा. तिथे कॅमला दोष देऊन चालणार नाही. कॉम्प्रेशन बघताना एवढं ध्यानात ठेवा की मोठ्या कॅमचा इनटेक उशिरा बंद होतो, त्यामुळे सेल मारून घेतलेला आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमीच येतो. सगळे सिलिंडर एकसारखे आले म्हणजे झालं.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्लोच्या स्क्रूवर. गाडी बंद पडते म्हणून तो पिळत राहायचं. कार्बोरेटरच्या गाडीत थ्रॉटलची पाकळी जास्त उघडली की तिच्या कडेची ट्रान्सफरची फट उघडी पडते, तिथून पेट्रोल यायला लागतं आणि मिक्स्चर स्क्रू फिरवला तरी इंजिनात फरक पडत नाही. ही खूण ओळखा. आधी स्लोवरचं इग्निशन टायमिंग थोडं पुढे घ्या. भेसळीचं मिश्रण हळू जळतं, म्हणून ठिणगी लवकर लागते. टायमिंग पुढे घेतलं की आरपीएम आपोआप वर येतो, मग थ्रॉटलचा स्क्रू मागे घेता येतो. आणि कंपनीच्या स्लोचा हट्ट सोडा. 900 ते 1000 वर गाडी शांत उभी राहत असेल तर तेच तिचं घर.

व्हॅक्युम गेज लावून घाबरणारेही पुष्कळ. व्हिडिओत बघितलेले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. दर 1000 फुटांना सुमारे एक इंच पारा कमी धरला तर इथे निरोगी इंजिनही अडीच इंच कमी दाखवतं. तेवढा फरक वजा करून मगच कॅमला आणि गळतीला किती जबाबदार धरायचं ते ठरवा. गळती शोधायला मॅनिफोल्डच्या गास्केटवर थोडं थोडं पाणी फवारा. स्लो बदलला की जागा सापडली.

इंजेक्शनच्या गाडीत वेगळीच गंमत. अर्धवट पेटलेल्या फेरीतला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये जातो, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत राहतो. पेट्रोलचा वास, काळे प्लग, डोळ्यांची आग, आणि मालक म्हणतो इंजेक्टर गळतोय. इंजेक्टर बदलायच्या आधी स्लोवरचं क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल बदलणं) बंद करून बघा. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या ईसीयूला कमी व्हॅक्युम म्हणजे जास्त लोड वाटतो, म्हणून स्लोचा नकाशा (पेट्रोल-टायमिंगचं कोष्टक) नव्याने भरावाच लागतो.

आता टायमिंग. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. 36 दात्यांच्या कॅमचाकावर एक दाता चुकला तर कॅम 10 अंश सरकतो, म्हणजे क्रँकचे 20 अंश. एवढ्या चुकीने स्लो कधीच बसणार नाही, वर पिस्टन व्हॉल्व्हला भिडायची भीती. खुणेवर खूण ठेवून समाधान मानू नका, क्रँकला डिग्री प्लेट (अंशांची चकती) लावा. पिस्टन वर पोचल्यावर काही अंश जवळजवळ हलतच नाही, म्हणून डायलचा काटा थांबला ती जागा टीडीसी (पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक) धरणं चूक. क्रँक चालत्या दिशेनेच फिरवत न्या, पिस्टन वरून एक मिलिमीटर खाली असताना चढतीचा आणि उतरतीचा अंश नोंदवा, दोन्हींचा मध्य काढा. तो खरा टीडीसी.

टॅपेटही (कॅम आणि व्हॉल्व्हमधली गॅप) जुन्या मापाने बसवू नका. घासून प्रोफाइल बदललेल्या कॅमचा मूळ गोल लहान झालेला असतो, आणि गॅप कॅमसोबत दिलेल्या मापानेच, गरम की थंड ते बघून ठेवायची. गॅप घट्ट राहिली तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा बसतो, म्हणजे ओव्हरलॅप आणखी वाढतो. थरथर वाढते, पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

ब्रेकचं मात्र हयगय न करता बघा. स्लोवर व्हॅक्युम कमी म्हणजे त्यावर चालणारा, पेडल हलकं करणारा बूस्टर उपाशी. चोर्ल्याच्या घाटात गिअरमध्ये उतरताना थ्रॉटल बंद असतो, आरपीएम वर असतो, व्हॅक्युम भरपूर मिळतो. न्यूट्रल करून उतरणाऱ्याचं पेडल दोन-तीन दाबांत कडक होतं. तपास सोपा आहे: इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय ठेवूनच चालू करा. पेडल खाली बसलं पाहिजे. स्लोवर उभ्या गाडीत पुन्हा पुन्हा दाबूनही हलकं राहिलं पाहिजे. राहत नसेल तर व्हॅक्युमची टाकी किंवा पंप बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

आणि तोच घाट उतरून गोव्याला जाणार असाल तर कार्बोरेटर इथे अगदी पातळ करून ठेवू नका. खाली हवा दाट, मिश्रण आणखी पातळ होतं, आणि बेळगावात बसलेला स्लो पणजीत पुन्हा अडखळतो. मिक्स्चर स्क्रू थोडा बाहेर, टायमिंगला हात लावायचा नाही.