वेस्नॉथमध्ये सारखे हरताय? बुद्धिबळाच्या या सवयी आधी सोडा

सांगलीत वाढलेल्या माणसाला बुद्धिबळ येत नाही म्हणायची सोय नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने गावाला ‘बुद्धिबळाची पंढरी’ करून ठेवलंय. मीही शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्या पटापुढे घालवल्या. त्यामुळे भाच्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ टाकून दिला तेव्हा मला वाटलं, हे काय, डाव्या हाताचा मळ.

हा पाळीपाळीने खेळायचा युद्धाचा खेळ. डेव्हिड व्हाइट याने २००३ साली आणला, फुकट मिळतो, आणि अगदी खटारा कॉम्प्युटरवरही चालतो. षटकोनी घरांचा नकाशा, आपलं सैन्य, समोर शत्रू. मी पहिल्या मोहिमेत सलग तीनदा हरलो. चौथ्यांदा हरत होतो तेव्हा भाचा मागे उभा राहून भडंग खात होता. म्हणाला, “मामा, तुम्ही बुद्धिबळ खेळताय.”

तो नववीत आहे. पण बोलला ते शंभर टक्के खरं.

मारायला गेलं की मरतंच, हा समज

बुद्धिबळात प्याद्याने वजीर मारला तर वजीर मेला, विषय संपला. इथे प्रत्येक वाराचा कौल वेगळा लागतो, आणि तो लागण्याची शक्यता समोरचा कुठे उभा आहे त्यावर ठरते. साधा भालेकरी, म्हणजे स्पिअरमन, गवतावर असेल तर त्याचा बचाव, म्हणजे वार चुकवण्याची शक्यता, ४० टक्के, टेकडीवर ५०, गावात किंवा किल्ल्यात ६०. उथळ पाण्यात फक्त २०. म्हणजे पाण्यात उभा असताना पाचातले चार वार अंगावर.

मी काय केलं? शत्रू नदीपलीकडे दिसला आणि माझे चार भालेकरी सरळ पाण्यात घातले. पुढच्या पाळीला शत्रूचे ऑर्क, म्हणजे राक्षसी सैनिक, काठावर आले आणि एकेकाला टिपत गेले. आयर्विन पुलावरून दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी बघणाऱ्या माणसाने नदीत उतरून लढायचं म्हणजे कमालच. करायचं उलट: आपण काठावर थांबायचं, जमलं तर काठाच्या गावात, आणि शत्रूला आपल्यावर यायला पाण्यात उतरायला लावायचं. पाळी फुकट गेल्यासारखी वाटते. जाऊ द्या.

नशीब वाईट म्हणून ओरडण्याआधी हिशोब करा. गावातल्या शत्रूवर तुमचा भालेकरी तीन वार करतो, प्रत्येक लागण्याची शक्यता ४० टक्के. तिन्ही चुकण्याची शक्यता जवळजवळ २२ टक्के निघते, म्हणजे दर पाच हल्ल्यांत एकदा असं होणारच. हल्ल्याच्या खिडकीत ‘डॅमेज कॅल्क्युलेशन्स’ नावाचं बटण आहे, ते दाबलं की सगळं मांडून दाखवतं. मी ते महिनाभर दाबलं नव्हतं. आणि असा चिवट शत्रू गावात बसलाच असेल तर त्याच्यावर जादूगार, म्हणजे मेज, पाठवा. त्याचा जादूचा वार जमीन बघत नाही, कुठेही ७० टक्के लागतो.

घड्याळाकडे न बघणं

पटावर रात्र होत नाही. इथे सहा पाळ्यांचं चक्र आहे: पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्रीच्या दोन. माणसांचं सैन्य बहुतेक ‘लॉफुल’ असतं, सकाळ-दुपारी त्याचा मार २५ टक्क्यांनी वाढतो, रात्री तेवढाच घटतो. ऑर्क आणि भुताखेतांचं बरोबर उलटं. भालेकऱ्याचा ७ चा वार दिवसा ९ होतो, रात्री ५. समोरच्या ऑर्क ग्रंटचा ९ चा वार दिवसा ७, रात्री ११. एवढ्या फरकात अख्खी लढाई फिरते.

माझी फौज नेमकी तिन्हीसांजेला शत्रूच्या दारात पोचायची. भाचा म्हणाला, “अंधार पडायला लागल्यावर कोण जातंय का वो मामा?” आता मी निघण्याआधी पाळ्या मोजतो. पोचेपर्यंत पहाट होत असेल तर निघायचं, नाहीतर दोन घरं मागे, गावांत आणि टेकड्यांवर रात्र काढायची. गावात थांबलेल्याला दर पाळीला ८ जीव (म्हणजे हेल्थ पॉइंट) परत मिळतो. नुसतं एका जागी बसून राहिलं तर २.

घोडा

घोड्याबद्दल मला लहानपणापासून माया. म्हणून सगळ्यात वाईट हाल त्याचेच झाले. वेस्नॉथच्या घोडेस्वाराकडे ‘चार्ज’ आहे: तो चढाई करतो तेव्हा त्याचा मार दुप्पट, पण त्याच्यावर होणारा मारही दुप्पट. त्यातून भाल्यापुढे घोडा २० टक्के जास्तच हळवा, आणि भालेकरी समोर आलेल्यावर पहिला वार स्वतःच करतो. दिवसा भालेकऱ्याचे दोन वार बसले की ३८ जिवाचा घोडेस्वार बहुतेक वेळा आडवा. मी तीन घोडे भाल्यांवर घातले. तिन्ही गेले. घोडा काढायचा तो डार्क अडेप्टसारख्या, म्हणजे लांबून काळी जादू फेकणाऱ्यांवर. त्याच्याकडे जवळून मारायला काहीच नसतं, त्यामुळे उलटा वार येतच नाही.

हेच हाडांच्या सापळ्यांचं. त्यांच्यावर तलवार आणि भाला जवळपास वाया जातो, गदा आणि आग चालते. कुणावर काय चालतं ते युनिटच्या माहितीत लिहिलेलं असतं, आणि ते न वाचता भिडणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक.

बळी देण्याची सवय

पटावर हत्ती देऊन मात करता आली की बघणारे मान डोलावतात, आणि पुढच्या डावाला हत्ती परत कोपऱ्यात उभाच. मोहीम म्हणजे एकामागून एक लढाया, तिथे तसं नाही. जो वाचला तोच पुढच्या लढाईत येतो. मी पहिली लढाई थाटात जिंकायचो आणि तिसऱ्या लढाईत हातात नुसती नवी पोरं उरायची.

अनुभवी सैनिकाला परत बोलवायला २० सोनं लागतं, आणि तो दुसऱ्या पातळीचा असेल तर नव्या भरतीपेक्षा ते केव्हाही परवडतं. पण तो मुळात दुसऱ्या पातळीला जायला हवा ना. पहिल्या पातळीचा शत्रू मारला की ८ अनुभव मिळतो, नुसतं लढलं तर १. म्हणून शेवटचा घाव कुणी घालायचा हे ठरवून करा. माझे म्हातारे वीरच सगळं उरकायचे आणि पोरं मागे उभी. आता जुन्यांनी शत्रू खिळखिळा करायचा, आणि ज्याला पातळी चढायला थोडं कमी पडतंय त्याने संपवायचं. पातळी चढली की सैनिक पुन्हा पूर्ण जिवाचा होतो, त्यामुळे भर गर्दीत योग्य माणसाला तो घाव मिळाला तर फळी तिथेच सावरते.

राजाचंही सांगून टाकतो. डावाच्या शेवटी राजा पुढे काढायचा ही पटावरची चांगली सवय. इथे सेनापती मेला की खेळ खलास. कंट्रोल आणि व्ही दाबलं की शत्रू कुठकुठे पोचू शकतो ते दिसतं, सेनापती हलवण्याआधी तेवढं बघा.

पैसा, आणि कशासाठी लढतोय ते

पहिल्याच पाळीत सगळं सोनं भरतीत घालू नका. प्रत्येक सैनिक त्याच्या पातळीइतका पगार दर पाळीला खातो, जितकी गावं ताब्यात तितका पगार माफ. गावं घ्यायला लवकर कुणीतरी पाठवा, बाकी आपोआप जमतं.

कंट्रोल आणि जे दाबून उद्दिष्ट वाचा. ‘एअर टू द थ्रोन’ मोहिमेच्या पहिल्या लढाईत कॉनराडला, म्हणजे आपल्या सेनापतीला, फक्त नकाशावरच्या पाटीपर्यंत न्यायचंय. मी मात करायला थांबलो आणि वेढला गेलो. तसंही सुरुवात त्या मोहिमेने करू नका. ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ किंवा ‘द साउथ गार्ड’ घ्या.

कॉम्प्युटरच रुसला तर

खेळ अडखळत असेल तर सेटिंगमध्ये नकाशाचं आणि उभ्या युनिटचं ॲनिमेशन बंद करा, वेग वाढवा. आमच्या २ जीबीच्या मशीनवर तेवढ्यानं भागलं.

चाल परत घेता येत नाही अशी तक्रार भाच्याकडे मी बरेचदा केली. यू दाबलं की चाल मागे येते, पण नकाशाचा न दिसणारा भाग झाकणारं धुकं उघडून नवीन काही दिसलं किंवा लढाई झाली की नाही.

वीज गेली तर घाबरू नका. दर पाळीच्या सुरुवातीला खेळ आपोआप सेव्ह होतो, फार तर चालू पाळी जाते.

आणि मोहीम अर्धी असताना खेळाची नवी मोठी आवृत्ती टाकू नका. जुने सेव्ह बऱ्याचदा उघडत नाहीत, किंवा उघडले तरी मध्येच अडतात. मी टाकली, आणि अकराव्या लढाईवरचा माझा सगळा संसार गेला. भाच्याने जुनी आवृत्ती शोधून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून दिली, सेव्ह उघडले, आणि वर म्हणाला, “मामा, ही मोहीम संपेपर्यंत अपडेटला हात लावायचा नाही.”