गणपतीत अणुपाणबुडीचा देखावा करताय? आधी माहिती पक्की करा, मग पुठ्ठा कापा

गेल्या वर्षी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत गणपतीला आयएनएस अरिहंतचा देखावा केला. पहिल्याच संध्याकाळी नेव्हीतून रिटायर झालेले शेजारच्या बिल्डिंगमधले काका दर्शनाला आले, दोन मिनिटं शांत उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळा, काम सुंदर झालंय, पण मागच्या बॅनरवरची बोट आपली नाही रे, ती रशियन आहे." नेव्हीतली माणसं पाणबुडीला बोटच म्हणतात. मला इतकं वाईट वाटलं की रात्री अकराला आम्ही बॅनर उतरवला. मग पुढचे आठ दिवस काका रोज खाली येऊन बसायचे, आम्ही विचारायचो आणि एकेक गोष्ट दुरुस्त करायचो, त्यातून जे जमलं ते सगळं इथे लिहितोय कारण यंदा बऱ्याच मंडळांचा हाच विषय दिसतोय.

सगळ्यात आधी ठरवा की कुठली पाणबुडी दाखवायची आहे. आपल्याकडे लोक सगळ्या पाणबुड्या एकाच टोपलीत टाकतात. माझगाव डॉकमध्ये बनलेल्या कलवरी वर्गाच्या सहा, म्हणजे २०१७ ची कलवरी ते जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेली वागशीर, या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत, जेमतेम ६७ मीटर लांब, आणि बॅटरी चार्ज करायला त्यांना ठरावीक दिवसांनी वर येऊन हवेसाठी नळी बाहेर काढावी लागते. दुसरी जात अणुशक्तीवर चालणारी पण अण्वस्त्र मिसाईल नसलेली, शिकारी पाणबुडी, आपण भाड्याने घेतलेल्या दोन्ही 'चक्रा' अशाच होत्या, पहिली सोव्हिएत संघाकडून १९८८ ते १९९१ आणि दुसरी रशियाकडून २०१२ ते २०२१. आणि तिसरी अरिहंत, अणुशक्तीवर चालणारी आणि पोटात अण्वस्त्र मिसाईल घेऊन फिरणारी. देखावा तिसरीचा असेल तर फोटोही तिसरीचाच हवा. अडचण अशी की अरिहंतचे उघड फोटो अगदी मोजके आहेत, नेटवर अरिहंत म्हणून जे फिरतं त्यात कितीतरी रशियन नाहीतर अमेरिकन असतात, त्यामुळे शंका आली की फोटो लावूच नका, हाताने चित्र काढा.

आता मॉडेल. थर्माकोल नको, २०१८ पासून महाराष्ट्रात त्यावर बंदी आहे आणि पुठ्ठ्यात काम जास्त चांगलं होतं. स्केल १:५० धरा. अरिहंत साधारण ११२ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद, म्हणजे मॉडेल सव्वादोन मीटर लांब आणि २२ सेंटीमीटर जाड. त्या मापात माणूस साडेतीन सेंटीमीटरचा होतो. तो नक्की करा आणि बोटीवर उभा करा, कारण त्याच्याशिवाय बघणाऱ्याला आकार कळत नाही, आमच्याकडे लहान मुलं सगळ्यात जास्त वेळ त्या माणसापाशीच उभी होती.

खोक्याच्या जाड पुठ्ठ्याच्या २२ सेंटीमीटरच्या गोल चकत्या कापा, मधोमध भोक पाडून बांबूच्या काठीत पंधरा-पंधरा सेंटीमीटरवर ओवा, वरून पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि त्यावर खळीने वर्तमानपत्राचे चार थर. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, श्रावणातल्या ठाण्याच्या हवेत एका थराला दीड दिवस जातो, फॅन लावला तरी. खऱ्या पाणबुडीचं दाब सोसणारं कवचही असंच असतं बरं का, आत एकामागे एक पोलादी कड्या आणि वरून पत्रा. खोल पाणी चारी बाजूंनी सारखं दाबतं म्हणून गोल आकार. रंग काळा आणि मॅट, चकाकी अजिबात नको. अणुपाणबुड्यांवर सोनारचा, म्हणजे आवाज सोडून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, आवाज शोषणाऱ्या रबरी लाद्या बसवतात, म्हणून आम्ही जुन्या सायकलच्या ट्यूबचे चौकोनी तुकडे कापून एका बाजूला चिकटवले, आणि काकांनी त्यावरून हात फिरवला तेव्हा कष्टाचं चीज झालं असं वाटलं.

बोटीच्या वर जो उभा टॉवर असतो, त्याच्या मागे पाठीवर उंचवटा काढायला विसरू नका. तो शोभेचा नाहीये. अरिहंतवर दोन प्रकारची मिसाईल बसतात, लांब पल्ल्याचं मोठं के-४ आणि कमी पल्ल्याचं छोटं के-१५. बोट ११ मीटर जाड आणि के-४ साधारण १२ मीटर उंच, मग उभं ठेवायचं तर पाठ वर उचलावीच लागणार. त्या उंचवट्यात चार झाकणं दाखवा. अरिहंतला चार मोठ्या नळ्या आहेत, प्रत्येकीत एक के-४ किंवा तीन के-१५, म्हणजे एकतर चार मोठी नाहीतर बारा छोटी. दोन्ही मिळून सोळा असं लिहू नका, आमच्या पहिल्या पाटीवर तेच लिहिलं होतं.

मिसाईल सुटताना दाखवायचं असेल तर नीट वाचा. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की नळीत दिवाळीतला अनार ठेवू. आगीचा धोका आहेच, पण ते चूकही आहे, कारण मिसाईल नळीत पेटतच नाही. दाबाखालच्या वायूने ते नळीतून वर ढकललं जातं, पाणी कापत पृष्ठभागावर येतं आणि बाहेर हवेत आल्यावर इंजिन पेटतं, बोटीच्या आत आग पेटवली तर बोटच जाईल. म्हणून आम्ही असं केलं: बोटीच्या वर दीड फुटावर काकूंची जुनी निळी जॉर्जेटची साडी ताणून बांधली, तो समुद्राचा पृष्ठभाग, स्केलमध्ये २२-२३ मीटर पाणी. बोटीच्या तळातून उंचवट्यापर्यंत अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप उभा नेला आणि खाली त्याला दोन लिटरची रिकामी कोल्ड्रिंकची बाटली जोडली. पाइपवर सैल बसेल असं कागदाचं २४ सेंटीमीटरचं मिसाईल, टोकाला कापूस, बाजूला स्ट्रॉचा तुकडा आणि त्यातून वरच्या बांबूपर्यंत ताणलेला नायलॉनचा दोरा, म्हणजे ते भलतीकडे जात नाही. बाटली दाबली की मिसाईल साडीला पाडलेल्या चिरेतून भसकन वर येतं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने लाल-पिवळी एलईडी लावायची. आधी लावली तर सगळं चुकलं. बाटली हातानेच दाबा, पायाने दाबलीत तर थेट मखरापर्यंत जाईल.

कॉमेंट्री तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. ऊर्जा समजावताना कुकर घ्या, सगळ्यांना कळतो. अणू फुटून उष्णता तयार होते, ती पाण्यात जाते, पण ते पाणी इतक्या दाबाखाली ठेवतात की उकळतच नाही, मग ते आपली उष्णता दुसऱ्या पाण्याला देतं, त्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन आणि गिअरबॉक्समधून बोट ढकलणारा मागचा पंखा फिरतो. हवा लागत नाही, म्हणून वर यावं लागत नाही. ऑक्सिजन पाण्यातूनच बनवतात, त्यामुळे किती दिवस खाली राहायचं हे शेवटी डाळ-तांदूळ किती भरलेत त्यावर ठरतं. आणि आपल्या भागाचा संबंध जरूर सांगा, लोकांचे कान टवकारतात: वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो ना, त्याच्या कुशीतल्या बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, ही ८३ मेगावॉटची अणुभट्टी विकसित केली, त्यात डॉ. अनिल काकोडकरांचा मोठा वाटा, आधी तामिळनाडूतल्या कल्पक्कमला जमिनीवर तशीच भट्टी चालवून बघितली, आणि गिअरबॉक्स इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा.

तारखा एवढ्याच घ्या. २६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडून अरिहंतचं जलावतरण केलं. ऑगस्ट २०१३ मध्ये भट्टी सुरू झाली, ऑगस्ट २०१६ मध्ये बोट नौदलात आली, नोव्हेंबर २०१८ मध्ये पहिली गस्त पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. जलावतरण आणि दाखल होणं यात सात वर्षं आहेत, ही दोन एक समजू नका, पेपरवालेही कधीकधी घोळ घालतात. ऑगस्ट २०२४ मध्ये दुसरी, अरिघात, आली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तिच्यावरून के-४ ची चाचणी झाली. पल्ला समजवायला नकाशावर दोरा लावा: के-१५ चा ७५० किलोमीटर म्हणजे ठाण्याहून सरळ रेषेत नागपूरच्या थोडं पलीकडे, के-४ चा ३५००, म्हणजे कन्याकुमारी ते लेहपेक्षा जास्त.

आणि आता माझं सगळ्यात कळकळीचं म्हणणं. धडामधुडूम आवाज, जळणारी शहरं, शत्रूचा झेंडा असलं काही ठेवू नका. आपलं धोरण पहिला अण्वस्त्र हल्ला न करण्याचं आहे, २००३ मध्ये ते सरकारने जाहीर केलं. जो आधी मारणार नाही त्याच्याकडे असं काहीतरी हवं की जे शत्रूला सापडणारच नाही, जमिनीवरचे तळ उपग्रहाला दिसतात, समुद्राखालची बोट दिसत नाही. म्हणजे तिचं खरं काम दडून राहणं. आठवडेच्या आठवडे शंभरेक माणसं आवाज न करता खाली राहतात, घरच्यांनाही ती कुठे आहेत माहीत नसतं आणि काही न घडता परत येतात, तेच त्यांचं यश. काकांनी हे सांगितलं त्या रात्री आम्ही स्पीकर काढून टाकला.

तेव्हापासून आमचा क्रम असा होता: अर्ध्या तासात एकदाच मिसाईल, बाकी वेळ मंद निळा दिवा, हळू फिरणारा सात पात्यांचा पंखा आणि शांतता. पंख्याला कूलरची जुनी मोटर लावू नका, घरघर करते, वायपरची मोटर बारा व्होल्टवर हळू आणि बिनआवाज चालते. विसर्जनानंतर मॉडेल फेकू नका, बांबू ओढून काढला की बोटीचे तीन तुकडे होतात, आमचे सध्या सोसायटीच्या मीटर रूमच्या माळ्यावर आहेत आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन जणांनी मागून ठेवलेत.